कागद आहे, तरी जमीन जाते कशी?

मागच्या अंकात बेथलेहेमजवळच्या नस्सार कुटुंबाच्या शेताबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, खरं तर दुसऱ्याच एका प्रश्नाच्या उत्तरात ओघात आलं होतं ते, पण सगळ्यात जास्त पत्रं आणि मेसेज त्यावरच आले. म्हणून या वेळी नामांतरण (सरकारी नोंदीत नाव बदलणं), वारसाहक्क वगैरे नेहमीचे प्रश्न बाजूला ठेवलेत, ते पुढच्या महिन्यात घेते, ज्यांचे राहिलेत त्यांनी कृपया रागावू नये. ज्यांनी मागचा अंक वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: नस्सार हे पॅलेस्टिनी ख्रिस्ती शेतकरी कुटुंब, वेस्ट बँकमध्ये, म्हणजे १९६७ पासून इस्रायलच्या ताब्यात असलेल्या पॅलेस्टिनी भागात, नहालीन गावाजवळ एका टेकडीवर त्यांची सुमारे १०० एकर जमीन आहे, आजोबा दाहेर नस्सार यांनी १९१६ मध्ये विकत घेतलेली. १९९१ मध्ये इस्रायलच्या लष्करी प्रशासनाने ती जमीन सरकारी म्हणून जाहीर केली, आणि तेव्हापासून हे लोक कोर्टात आहेत.

प्रश्न: ताई, नमस्कार. मी इंदूरच्या कृषी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. आमची सांवेरकडे थोडी जमीन आहे आणि आजोबा नेहमी म्हणतात की कागद पक्का असला तर ब्रह्मदेव आला तरी जमीन हलत नाही. तुमचं वाचल्यावर मी त्यांना ते वाचून दाखवलं तर ते म्हणाले की त्या लोकांच्या कागदात काहीतरी खोट असणार, नाहीतर तीस वर्षं केस कशाला चालेल. मला ते पटलं नाही पण उत्तरही देता आलं नाही. कागद असून जमीन सरकारी कशी होते? — वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर: तुझ्या आजोबांचं वाक्य मी महसुलाच्या कोर्टात तीस वर्षं अशिलांच्या तोंडून ऐकलंय गं, आणि दरवेळी वाटायचं की हे खरं असतं तर किती बरं झालं असतं. त्यांना माझा नमस्कार सांग आणि हे उत्तरही वाचून दाखव, कारण नस्सार कुटुंबाच्या कागदात खोट नाही, त्यांचा कागद तर तिथल्या बहुतेक शेतकऱ्यांपेक्षा पक्का आहे, आणि म्हणूनच ते आजवर टिकलेत. बाकीच्यांचं काय झालं ते आधी समजून घे.

पॅलेस्टाइन १९१७-१८ पर्यंत तुर्की ऑटोमन साम्राज्यात होतं. १८५८ मध्ये तिथे जमिनीचा कायदा आला आणि सांगितलं की प्रत्येकाने आपली जमीन नोंदवायची. आता नोंद म्हणजे काय? नोंद म्हणजे सारा, आणि नाव लिहिलं गेलं की घरातला मुलगा पलटणीत भरती व्हायची भीती. त्यामुळे शेतकऱ्यांनी नाव लिहायचंच टाळलं, नाहीतर अख्ख्या गावची जमीन कुणा एका मातब्बराच्या नावावर लिहून टाकली, कुठे कुठे तर गावची जमीन सामाईक असायची आणि ठराविक वर्षांनी आपसात फिरवून वाटून घ्यायचे. आपल्याकडे माळव्यात असं झालं नाही का? थोरल्या भावाच्या नावावर सगळं, बाकीचे चौघे कसतात, आणि दोन पिढ्यांनी थोरल्याची नातवंडं म्हणतात तुमचं इथे काहीच नाही.

दाहेर नस्सार यांनी मात्र तेव्हा कागद केला, आणि नंतर ब्रिटिश आले तेव्हा १९२४ च्या सुमाराला पुन्हा नोंद करून घेतली. त्या काळच्या मानाने ही फार मोठी गोष्ट होती. ब्रिटिशांनी १९२८ पासून मोजणी आणि हक्कनोंदणीचं पद्धतशीर काम सुरू केलं, त्यांच्यानंतर वेस्ट बँकवर जॉर्डनचं राज्य आलं, त्यांनी ते पुढे चालवलं, आणि १९६७ च्या युद्धात इस्रायलने वेस्ट बँक ताब्यात घेतली तेव्हा साधारण एक तृतीयांश जमिनीचीच नोंदणी पूर्ण झाली होती. पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, लष्करी आदेश काढून ते काम थांबवलं. जरा थांबून विचार कर याचा. तुमच्या तहसिलीत बंदोबस्ताचं, म्हणजे जमीन मोजून नोंदवायचं, काम चाललंय, तीन गावांपैकी एका गावाचं झालंय, आणि एक दिवस हुकूम येतो की आता बंद. उरलेल्या दोन गावांतल्या लोकांनी पुढे कुठे जायचं? जमीन तीच, बांध तेच, पण सरकारच्या वहीत ते कुठेच नाहीत.

आधी इस्रायली वस्त्यांसाठी, म्हणजे आपले नागरिक तिथे नेऊन बसवायला, जमीन लष्करी गरज म्हणून घ्यायचे. १९७९ मध्ये एलोन मोरे नावाच्या वस्तीच्या केसमध्ये इस्रायलच्याच सुप्रीम कोर्टाने ते अडवलं, खाजगी मालकीची जमीन सुरक्षेच्या नावाखाली घेऊन तिथे वस्ती बसवता येणार नाही म्हणाले. चांगला निकाल होता. पण त्यानंतर वाट बदलली, तो जुना ऑटोमन कायदा बाहेर काढला आणि ज्या जमिनीची नीट नोंद नाही किंवा जी नीट कसलेली दिसत नाही ती सरकारी असं जाहीर करायला सुरुवात झाली. १९७९ पासून २००२ पर्यंत ९ लाख दुनमांहून जास्त जमीन अशी सरकारी ठरली. एक दुनम म्हणजे हजार चौरस मीटर, चार दुनमांचा साधारण एक एकर, म्हणजे तूच हिशेब कर.

आणि जाहीर झाल्यावर आक्षेप घ्यायला मुदत किती? ४५ दिवस. तोही लष्करी समितीपुढे, आणि जमीन आमची हे सिद्ध करायचा भार शेतकऱ्यावर. मोजणी स्वतःच्या खर्चाने, नकाशा स्वतःच्या खर्चाने, वकील स्वतःच्या खर्चाने. इथे मला जरा बोलू दे, कारण मी आयुष्यभर हेच काम केलंय. मध्य प्रदेशच्या भू-राजस्व संहितेत एकदा खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदवहीत, तुझं नाव लागलं की ती नोंद खरी धरली जाते, जो म्हणेल खोटी आहे त्याने ते सिद्ध करायचं. या एका नियमावर गरीब माणूस तग धरून असतो. तो उलटा केला की शंभरातले नव्वद लोक न लढताच हरतात, त्यांची बाजू खोटी असते म्हणून हरतात असं नाही, ४५ दिवसांत एवढे पैसे आणि कागद उभे राहत नाहीत म्हणून हरतात.

नस्सार कुटुंबाने कागद उभे केले. लष्करी कोर्टात दिले, मग सुप्रीम कोर्टात गेले, तिथून परत नव्याने नोंदणी करून घ्या असं झालं, मग त्या नोंदणीची फाईल, मग तारखा. आजोबांना म्हणावं, केस तीस वर्षं चालतेय ती कागद खोटा आहे म्हणून नाही. कागद खोटा असता तर ती पहिल्या दोन वर्षांतच संपली असती.

अजून एक, हे मला राहवत नाही म्हणून लिहिते. ऑटोमन काळातले कागद अरबी लिपीतल्या जुन्या तुर्की भाषेत असायचे. तुर्कस्तानने १९२८ मध्ये लिपीच बदलली, त्यामुळे आजच्या शिकलेल्या तुर्की माणसालाही ते कागद सरळ वाचता येत नाहीत. माझ्या सासऱ्यांच्या बस्त्यात, लाल कापडात बांधलेलं ते दप्तर अजून आमच्याकडे आहे, होळकरांच्या काळातले सात-आठ कागद मोडी लिपीत आहेत. मी वकील, नवरा इंजिनिअर, मुलगा पुण्यात आयटीत, आणि घरात एकालाही ते वाचता येत नाहीत. सासरे सणाच्या दिवशी ते उन्हात घालायचे, घडीवर घडी तशीच ठेवून, शाई काळीभोर आणि कडा बिस्किटासारख्या तुटणाऱ्या. त्या कागदात काय आहे हे न कळताच ते जपायचे. नस्सारांच्या घरी तो १९१६ चा कागद कसा जपला असेल ते मला न बघताही दिसतं.

प्रश्न: तुम्ही लिहिलंय की जमीन कसली नाही म्हणून सरकारी झाली. मग त्यात चूक काय? आपल्याकडेही शहरात राहणारे लोक गावची जमीन वर्षानुवर्षं पडीक ठेवतात, ना स्वतः करतात ना दुसऱ्याला करू देतात. कसेल त्याची जमीन हे तर आपणच म्हणत आलोय. — एक सेवानिवृत्त शिक्षक, रामबाग, इंदूर

उत्तर: सर, प्रश्न अगदी योग्य आहे आणि मला आवडला कारण त्या कायद्याची मूळ कल्पना खरंच तुम्ही म्हणता तशीच होती. ऑटोमन कायद्यात बहुतेक शेतजमीन "मिरी" प्रकारातली, म्हणजे अंतिम मालक सुलतान आणि कसण्याचा हक्क शेतकऱ्याचा. दहा वर्षं सलग कसली तर कसणाऱ्याचा हक्क पक्का, आणि काही कारण नसताना तीन वर्षं पडीक ठेवली तर सरकार ती दुसऱ्याला देऊ शकतं. सुलतानाला सारा हवा होता, जमीन पिकली तर सारा मिळणार, एवढं साधं गणित. ती काढून घ्यायची तर दुसऱ्या शेतकऱ्याला कसायला द्यायची.

आपल्याकडे कसेल त्याची जमीन म्हटलं ते कुळासाठी. महाराष्ट्रात कूळ कायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन धरला आणि त्या दिवशी जे कूळ जमीन कसत होतं ते मालक मानलं. म्हणजे कसणं हा शब्द गरिबाच्या बाजूने उभा राहिला. वेस्ट बँकमध्ये तोच शब्द कसणाऱ्याच्याच विरुद्ध वापरला जातोय, दुःख याचं आहे.

ते कसं होतं ते बघा. डोंगराळ जमीन, खडक खूप, मधल्या मधल्या मातीच्या पट्ट्यांत द्राक्षं, अंजीर, बदाम, ऑलिव्ह. दगडी ताली घालून आजोबा-पणजोबांनी केलेली शेती. विमानातून काढलेला फोटो बघायचा आणि म्हणायचं की या तुकड्यात निम्म्याहून जास्त खडकच दिसतोय, म्हणजे ही कसलेली नाही. आता रतलाम-झाबुआकडच्या आदिवासी शेतकऱ्याची टेकडीवरची मक्याची शेती कुणी वरून फोटो काढून अशी मोजली तर त्याच्या नावावर काय उरेल?

पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आधी कसूच द्यायचं नाही आणि मग विचारायचं का कसली नाही. इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेत्यांमधल्या १९९५ च्या दुसऱ्या ओस्लो कराराने वेस्ट बँकचे अ, ब, क असे तीन भाग केले, क भाग म्हणजे साधारण ६० टक्के जमीन, तो पूर्ण इस्रायलच्या ताब्यात. नस्सारांचं शेत क भागात येतं. तिथे काहीही बांधायचं तर परवानगी लागते आणि पॅलेस्टिनी माणसाला ती क्वचितच मिळते. म्हणून या शेतावर सरकारी पाण्याची लाईन नाही, वीज नाही. पावसाचं पाणी टाक्यांत साठवतात, सोलर पॅनल बसवलेत, आणि जमिनीवर बांधू देत नाहीत म्हणून जुन्या गुहा साफ करून त्यांत खोल्या केल्यात. तंबूलासुद्धा, जनावरांच्या गोठ्यालासुद्धा पाडण्याच्या नोटिसा आल्यात. शेताकडे जाणारा रस्ता लष्कराने दगडमातीचा ढीग टाकून बंद केलाय, दुसऱ्या इंतिफादाच्या, म्हणजे २००० मध्ये सुरू झालेल्या पॅलेस्टिनी उठावाच्या, काळापासून, त्यामुळे ढिगापाशी गाडी सोडून पायी जावं लागतं. आजूबाजूच्या टेकड्यांवर नेवे दानियेल, एलाझार, रोश त्सुरिम, बेतार इलित या इस्रायली वस्त्या, तिथे डांबरी रस्ते, नळ, दिवे, आणि मधल्या टेकडीवर हे लोक.

आणि २०१४ चं तर काय सांगू. १९ मे ला सकाळी लष्कराचे बुलडोझर खालच्या दरीत आले आणि जर्दाळू, सफरचंद अशी शेकडो फळझाडं उपटून मातीत गाडून गेले. तोडणी तोंडावर आली होती. सर, तुम्ही शिक्षक होतात, तुम्हाला शेतीचं किती माहिती मला कल्पना नाही, पण ज्याने झाड लावलंय त्याला विचारा तोडणीआधीचे दिवस कसे असतात, रोज सकाळी जाऊन एखादं फळ बोटाने दाबून बघायचं, देठाजवळ अजून हिरवट आहे, चार दिवस थांबू, क्रेट मागवून ठेवू, कुणाकुणाला कामाला बोलवायचं ते ठरवू. आणि मग एका सकाळी तिथे फक्त उकरलेली लाल माती आणि मधूनमधून वर आलेल्या मुळ्या. ती जमीन कसलेलीच होती ना हो? फळ धरलेली होती. अपील चालू असतानाची ही गोष्ट आहे.

तेव्हा पडीक जमिनीबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे, आपल्याकडे त्याबद्दल बोललंच पाहिजे, पण ही ती गोष्ट नाही.

प्रश्न: ताई, तुमचं वाचून पोटात गोळा आला. आमची देवासजवळ वडिलोपार्जित जमीन आहे, आम्ही तिघी बहिणी, भाऊ नाही, बाबा गेल्यापासून सहा वर्षं तिथे कुणी गेलं नाही. एक ओळखीचे गृहस्थ बटईने, म्हणजे वाट्याने, करतात आणि वर्षाला पैसे देतात. आमची जमीन जाईल का? — वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर: घाबरू नका, तुमचं प्रकरण वेगळं आहे, पण सहा वर्षं कुणीच गेलं नाही हे मला अजिबात आवडलेलं नाही. खसरा आणि बी-१ म्हणजे खात्याचा उतारा, यांची ताजी नक्कल काढा, ऑनलाइन मिळते. बाबांच्या नावाच्या जागी तिघींची नावं लागलीत का बघा, नसतील तर नामांतरणाचा अर्ज याच महिन्यात द्या. कैफियतच्या रकान्यात कुणाच्या कब्जाची नोंद आलीय का ते नीट वाचा, खूप लोक तो रकाना बघतच नाहीत. पावती, म्हणजे जमिनीच्या हक्काची आणि कर्जाची ती ऋण पुस्तिका, कुणाकडे आहे? त्या गृहस्थांकडे असेल तर मागून घ्या, प्रेमाने मागा पण घ्याच. बटईचं दरवर्षी लिहून घ्या. सीमांकन झालेलं नसेल तर करवून घ्या. आणि तिघी मिळून सोयाबीनच्या वेळी एकदा आणि गव्हाच्या वेळी एकदा जाऊन या, बांधावरून फिरा, शेजारच्या शेतकऱ्यांशी बोला, चहा प्या त्यांच्याकडे. साक्ष द्यायची वेळ आली तर तेच उभे राहतात.

माझी एक म्हातारी अशील होती. एका तहसिलीत कुणीतरी तिच्या जमिनीच्या रकान्यात दुसऱ्याचं नाव चढवलं होतं, ते काढायला अकरा वर्षं गेली. ती प्रत्येक तारखेला यायची, बसने, आणि पावती युरियाच्या गोणीच्या आतली जी पातळ पिशवी असते ना त्यात चार घड्या घालून आणायची. मला वाचायला द्यायची पण हातातून सोडायची नाही, एक टोक तिच्या हातात आणि एक माझ्या, अशीच आम्ही ती वाचायचो. केस जिंकली ती. जिंकली तेव्हा तिचा मुलगा गाव सोडून पीथमपुरात कारखान्यात लागला होता आणि शेत बटईवर होतं. अकरा वर्षांत घराचं काय काय बदलतं हे निकालाच्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं.

प्रश्न: तुम्ही एका बाजूचं लिहिता. ज्यू लोकांवर किती अत्याचार झाले, ७ ऑक्टोबरला काय झालं, ते तुम्हाला दिसत नाही का? आणि आपल्या मराठी मासिकात हे परदेशी राजकारण कशाला? इस्रायल आपला मित्र देश आहे. — वाचक, इंदूर

उत्तर: तुमचं पत्र चार पानी होतं, जागेअभावी एवढंच छापलंय, पण मी पूर्ण वाचलं, दोनदा वाचलं.

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने साधारण १२०० माणसं मारली, बहुतेक साधी माणसं, घरातली, नाचगाण्याच्या कार्यक्रमाला आलेली, शेतावरची. त्याला कुठलंही कारण देऊन झाकता येत नाही आणि मी झाकणार नाही. त्यानंतर गाझात हजारोंच्या हजारो माणसं मेली, त्यात मुलं किती, तेही झाकता येत नाही. आणि युरोपात ज्यू लोकांचं जे झालं ते तर माणसाच्या इतिहासातलं सगळ्यात काळं पान. आपण मराठी माणसांना तर हे जास्त जवळचं वाटायला हवं, कारण कोकणातले बेने इस्रायली, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ज्यांना शनिवार तेली म्हणायचे, ते शेकडो वर्षं आपल्यात मराठी बोलत राहिले आणि ज्यू म्हणून त्यांना इथे कुणी छळलं नाही. त्यातले कितीतरी नंतर इस्रायलला गेले, तिथेही मराठी बोलतात. त्यांचं तिथे सुखाने राहणं मला हवंच आहे.

पण नस्सार कुटुंबाने कुणाला मारलं? त्यांच्या फाटकाजवळ एक दगड आहे, त्यावर अनेक भाषांत लिहिलंय की शत्रू व्हायला आमचा नकार आहे. २०२२ च्या जानेवारीत तोंडं झाकलेले लोक शेतात शिरले आणि या घरातल्या दोघा भावांना मारहाण केली, रक्तबंबाळ केलं, तरी तो दगड तिथेच आहे. त्या शेतावर जगभरातून लोक कामाला येतात आणि त्यात ज्यू लोकही असतात. वेस्ट बँकमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऑलिव्हची तोडणी असते, तेव्हा रब्बीज फॉर ह्यूमन राइट्स नावाच्या इस्रायली संस्थेचे ज्यू धर्मगुरू पॅलेस्टिनी शेतकऱ्यांबरोबर झाडाखाली उभे राहतात, हल्ला झाला तर आपण मध्ये असावं म्हणून. बाजू म्हणायचीच तर मी यांच्या बाजूने आहे.

मित्र देशाचं म्हणाल तर भारताने १९७४ मध्ये पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेला मान्यता दिली, अरब नसलेल्या देशांत सगळ्यात आधी, आणि १९८८ मध्ये पॅलेस्टाइन राष्ट्रालाही. इस्रायलशीही मैत्री आहे, ठिबक सिंचन आपण त्यांच्याकडूनच शिकलो, चांगलंच आहे. पण १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराने ताब्यात घेतलेल्या प्रदेशात आपले नागरिक नेऊन बसवायला मनाई केली आहे. इस्रायल म्हणतं की तो करार इथे लागू होत नाही, हा वादग्रस्त प्रदेश आहे. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ मध्ये आणि परत १९ जुलै २०२४ ला ते म्हणणं मान्य केलं नाही, वस्त्या बेकायदेशीर आहेत असंच मत दिलं. मी कायद्याची बाई आहे, मला हे बाजूला ठेवता येत नाही.

आणि मराठी मासिकात कशाला? तुम्ही इंदुरात राहता, म्हणजे तुमच्या घरीही कुणीतरी पाच-सहा पिढ्यांपूर्वी होळकरांबरोबर नाहीतर त्यांच्या मागून इथे आलं असेल. आपल्या घरांत इनाम, वतन, सनद हे शब्द पोह्या-जिलेबीइतके रोजचे होते. १९५० नंतर जहागिरी, इनामं गेली, ती जायलाच हवी होती असं माझं मत आहे, तरी ज्या घरातून ती गेली त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं तोंड मी लहानपणी बघितलंय. जमीन जाणं म्हणजे काय हे आपल्याला परदेशी नाही.

प्रश्न: मी ८१ वर्षांची आहे, नातवाकडून लिहून घेते. झाडं उपटून टाकतात तर परत लावायची कशाला बाई? परत उपटतील. त्या पोरांनी दुसरीकडे जाऊन सुखाने राहावं असं मला वाटतं. — एक आजी, मल्हारगंज, इंदूर

उत्तर: आजी, तुमच्या काळजीला माझा नमस्कार. त्यांना दुसरीकडे जा म्हणून सांगणारे, पैसे देऊ करणारेही झालेत, त्यांनी घेतले नाहीत.

परत लावण्याचं एक कारण मी वर सरांना सांगितलं तेच, की तिथल्या कायद्यात झाड हा पुरावा आहे. तीन वर्षं रिकामं राहिलं की दावा कच्चा होतो, म्हणून २०१४ ची झाडं गेली तेव्हा पुन्हा रोपं लावली, २०२१ च्या मे महिन्यात आग लागून बरीच फळझाडं आणि ऑलिव्ह जळली तेव्हाही पुन्हा लावली. जर्दाळूला फळ यायला तीन-चार वर्षं, ऑलिव्हला त्याहून जास्त, तेवढी वर्षं रोज पाणी वाहून नेऊन घालायचं, टाकीत असेल तर. आणि जमीन सरकारी करायचं काम संपत आलंय असं तर बिलकुल नाही. १९६८ मध्ये बंद केलेली ती जमीन नोंदणी क भागात पुन्हा सुरू करायचं २०२५ च्या मे मध्ये इस्रायलच्या सुरक्षा मंत्रिमंडळाने ठरवलं, म्हणजे आता पुन्हा प्रत्येकाला कागद घेऊन उभं राहावं लागणार, आणि ज्याचा नाही त्याची जमीन सरकारी व्हायचा धोका.

दुसरं कारण तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. त्यांच्याकडे एक शब्द आहे, सुमूद. पाय रोवून राहणं म्हणा, चिकाटी म्हणा, पण आपल्याकडच्या बायका म्हणतात ना, "मी इथून हलणार नाही", आवाज न चढवता, पोळी लाटता लाटता, तसं काहीतरी आहे ते. तिथले शेतकरी हा शब्द भाषणात कमी आणि असंच बोलता बोलता जास्त वापरतात. रस्ता बंद आहे तर चालत जाऊ, पाणी नाही तर पावसाचं धरू, बांधू देत नाहीत तर गुहेत राहू.

तुमच्या नातवाला एक काम सांगा. पत्रात त्याने खाली बारीक अक्षरात लिहिलंय की घरी एक पत्र्याची ट्रंक आहे आणि त्यात "जुने कागद आहेत पण वाचता येत नाहीत". ते मोडीत असणार. त्याला म्हणावं उन्हात नेऊ नको, सावलीत एकेक घडी उलगड, जोर लावू नको, दोन्ही बाजूंचे फोटो काढ आणि मला पाठव. सुदामा नगरच्या मुलीलाही तेच सांगते, आजोबांकडे काही असेल तर. मोडी वाचणारे एक गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत, ते रविवारी सकाळी आमच्याकडे येतात, मी माझ्या सासऱ्यांचा बस्ता त्यांच्यासमोर पहिल्यांदाच सोडणार आहे, तुमचेही कागद त्याच दिवशी वाचून घेऊ.